दोन टाक्या, एक खटका

जुन्या पिकअपमधला बिघाड शोधताना दोन टाक्या असणं मला वरदानच वाटतं. टेक्सासमधल्या माझ्या या 1988 च्या गाडीत पुढची किंवा मागची टाकी निवडायला डॅशबोर्डवर एक खटका आहे. चढावर इंजिन गुदमरलं की आधी तो दाबायचा. दुसऱ्या टाकीवर गाडी सुधारली, तर दोष बहुधा पहिल्या टाकीतल्या पंपात, त्याच्या जाळीत किंवा वायरिंगमध्ये. दोन्हींवर तशीच रडली, तर सामाईक वाट तपासायची: फिल्टर, रिले, चेसिसवरचा जास्त दाबाचा पंप.

आज मात्र वेगळीच गंमत. गाडी पुढच्या टाकीवर चालवली आणि मागची काठोकाठ भरली! इंजेक्टरना लागतं त्याहून जास्त पेट्रोल पंप पाठवतो; उरलेलं ज्या टाकीतून निघालं, तिच्यातच परतायला हवं. निवड करणारी झडप अडकली, की ते शेजारणीकडे जातं आणि शेवटी झाकणातून ओघळतं. हे धोक्याचंच, म्हणून आधी बॅटरीची तार काढली.

लोक अशा वेळी सरळ नवा पंप बसवतात. मला ती घाई पटत नाही. प्रेशर गेज पंपापेक्षा स्वस्त पडतं. उद्या झडप उतरवायची. अर्थात, गंजलेले बोल्ट सुटले तर!