अजिंठ्याच्या अंधारात कोणती लेन्स?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर दिसू लागतो, आणि कॅमेरा घेऊन निघालेल्या माणसाचा हात आपसूक टेलिफोटो झूमकडे जातो. पुढे चांदमिनार, मागे कडे तासून सरळसोट केलेला किल्ला. झूम २०० मिमीला नेलं की दोन्ही एकमेकांना भिडून उभे राहतात आणि फ्रेम भरून जाते. देवगिरी, वेरूळ, अजिंठा अशी वाट धरणारे बहुतेक हौशी फोटोग्राफर निघण्याआधीच ठरवून टाकतात की ७०-२०० किंवा ७०-३०० सोबत घ्यायची, म्हणजे लांबचं काही सुटायला नको. मला हे पटत नाही. या वाटेवर अंतराची अडचण फार थोड्या ठिकाणी येते. खरी अडचण उजेडाची आहे आणि मागे सरकायला जागा नसण्याची आहे. या दोन्ही बाबतींत एक-दोन साध्या प्राइम लेन्स मोठ्या झूमपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

देवगिरीचंच घ्या. मिनार आणि डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात ती टेलिफोटोची करामत आहे असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते जवळ दिसतात, कारण आपण दोघांपासून लांब रस्त्यावर उभे असतो. त्याच जागेवरून ५० मिमीने फोटो काढावा आणि मधला तुकडा कापून मोठा करावा. मिनार आणि डोंगर यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण अगदी तेच निघतं, फक्त पिक्सेल कमी होतात. दृश्यातल्या वस्तूंचं आपसातलं नातं आपण उभे कुठे आहोत यावर ठरतं. लेन्स फक्त त्यातलं किती घ्यायचं हे ठरवते. हा मुद्दा एकदा नीट ध्यानात आला की पुढचा सगळा प्रवास वेगळ्या तऱ्हेने होतो, कारण मग आधी जागा शोधली जाते आणि बॅगेत हात नंतर जातो. माझा प्राइमकडे असलेला ओढा इथूनच सुरू होतो. झूम हातात असलं की माणूस पोचला तिथेच उभा राहतो आणि रिंग फिरवतो.

पुढे वेरूळ. इथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन आत शिरायला लागतं आणि सकाळी सपाट, मंद दिसणारे दगड जिवंत होतात. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्याचा फोटोग्राफीवर होणारा परिणाम आत गेल्यावरच कळतो. आपण एका खोदलेल्या चौकाच्या तळाशी उभे असतो, मधे सुमारे ३० मीटर उंचीचं देऊळ आणि चारी बाजूंना कडा. देवळाच्या दक्षिण अंगाला रावणाने कैलास हलवल्याचं शिल्प आहे. खालच्या खोबणीत रावण जवळजवळ सुटा कोरलेला आहे. त्याचे हात चहूबाजूंना पसरलेत, पाठ अर्धी वळलेली आहे. वर शिव शांत बसलेला, पार्वती घाबरून त्याच्याकडे झुकलेली आणि तिच्या मागे पाठ फिरवून पळत सुटलेली दासी. या दासीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि सगळ्या शिल्पात हालचाल आहे ती तिच्यात. ३५ मिमी लावून अगदी खाली उभं राहिलं तर रावण अवाढव्य होतो आणि वरचा शिव आकसून जातो. शिल्पकाराने साधलेला तोल मोडतो. म्हणून मागे सरकायचं, पाठ समोरच्या कड्याला लागेपर्यंत. समजा शिल्प आणि आपल्यात दहा मीटर अंतर मिळालं, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीच्या लेन्समध्ये सुमारे सव्वाचार मीटर लांबीचा भाग मावतो. कॅमेरा उभा धरला की रावण, शिव, पार्वती, दासी असा सगळा प्रसंग त्यात बसवता येतो. त्याच जागेवरून २०० मिमीमध्ये येतो तो फक्त १.८ मीटरचा तुकडा. एखादा चेहरा मिळतो, प्रसंग हरवतो.

कैलासापुरती एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. बाजूच्या डोंगरावर चढून वरून खाली पाहिलं की मंडपाच्या छतावरचं मोठं कमळ आणि त्याभोवती उभे असलेले सिंह दिसतात. तिथे जवळ जाण्याचा दुसरा मार्गच नाही. शिखरावरच्या कोरीव मूर्तींचंही तेच. खाली चौकातून मान वर करून काढलेल्या फोटोत शिखराच्या रेषा आत झुकतात, माथा निमुळता होतो. वरून, लांबून, टेलिफोटोने काढलेल्या फोटोत त्या सरळ राहतात. या कड्यावर झूमचा विजय निर्विवाद आहे. तेवढ्यासाठी दीड किलोचं ओझं अख्ख्या प्रवासात वाहायचं का, एवढाच प्रश्न उरतो. कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ २.८ (दुसरी आवृत्ती) या लेन्सचं वजन १४९० ग्रॅम आहे. निकॉनच्या एएफ-एस मालिकेतल्या ३५, ५० आणि ८५ मिमी या तिन्ही एफ १.८ प्राइम एकत्र तोलल्या तरी ८४० ग्रॅम होतात. शिवाय ८५ मिमीने काढलेल्या २४ मेगापिक्सेल फोटोचा मधला अर्धी लांबी-अर्धी रुंदी भाग कापला तर १७० मिमीइतकी चौकट मिळते आणि ६ मेगापिक्सेल हाती राहतात. मासिकाच्या पानभर छापायला एवढे पुरतात.

वेरूळहून परत संभाजीनगरला येऊन फुलंब्री, सिल्लोड करत उत्तरेला निघालं की कपाशी आणि मक्याची शेतं संपता संपता अजिंठ्याचा घाट लागतो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जायचं. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आणि त्यात ओळीने कोरलेली तीस लेणी. पहिल्याच लेण्याच्या दारात चपला काढून आत पाऊल टाकलं की क्षणभर काही दिसत नाही. फ्लॅशला सक्त मनाई आहे आणि ती असायलाच हवी. दीड हजार वर्षं टिकलेल्या रंगांवर माणसांनी आणखी उजेड मारू नये. म्हणजे जो मंद दिव्यांचा प्रकाश आहे तेवढ्यावर भागवायचं. इथे हिशेब अगदी सरळ आहे. एफ १.८ च्या लेन्समधून एफ ४ च्या तुलनेत जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो, आणि एफ ५.६ च्या तुलनेत साडेनऊपटीहून जास्त. एखाद्या भिंतीसमोर एफ १.८ ला सेकंदाचा साठावा भाग शटर मिळत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर एफ ४ ला बारावा भाग मिळतो आणि एफ ५.६ ला जेमतेम सहावा. आणि आपल्यातल्या बहुतेकांकडे असते ती काही एफ २.८ ची महागडी झूम नव्हे. ती असते ७०-३००, जी लांब नेली की ५.६ वर किंवा त्याहून खाली जाते.

याच पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे. हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, डोळे खाली. रेलिंगपाशी उभं राहून अंतर तीन मीटरच्या आसपास धरलं तर ८५ मिमीत सुमारे सव्वा मीटरचा भाग येतो. मुकुटापासून कमळापर्यंत घ्यायला तो नेमका पुरतो. एफ १.८ ला फोकसची खोली इथे तेरा-चौदा सेंटिमीटरच मिळते, पण भिंत सपाट आहे. कॅमेरा भिंतीला समांतर धरला की तेवढी खोली पुष्कळ झाली. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. चित्र हलत नाही, मग झूममधलं स्टॅबिलायझेशन वापरून सावकाश शटरवर का काढू नये? काढावं, निघतोही. रेलिंगच्या पलीकडचा एखादा लहान तपशील टिपायला, जसं सतराव्या लेण्यातल्या गर्दीतला एखादा चेहरा, स्थिर हाताची झूम खरंच कामाला येते. पण हा फायदा आता झूमपुरता राहिलेला नाही. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांमध्ये स्टॅबिलायझेशन बॉडीतच असतं, म्हणजे जुनी स्वस्त ५० मिमीसुद्धा त्याचा लाभ घेते आणि तिचा पाचपट प्रकाश वर शिल्लक राहतो. शिवाय स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, शेजारून धक्का देत पुढे सरकणाऱ्या रांगेला थांबवत नाही.

सव्विसाव्या लेण्यात तर टेलिफोटोला वावच नाही. डावीकडच्या चिंचोळ्या वाटेत, खांबांच्या मागे, सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ती आहे. समोर उभं राहून ती पूर्ण घेता येत नाही, मागे सरकलं की खांब आड येतो. पायांच्या बाजूला जाऊन ३५ मिमीने तिरकं बघितलं की उशीवर विसावलेल्या डोक्यापर्यंतची लांबलचक रेषा मिळते, आणि खाली शोकात बुडालेले शिष्य एकेक करून उलगडत जातात. फोकसची खोली वाढवायला ॲपर्चर थोडं लहान करावं लागतं, पण ३५ मिमीला ते परवडतं. तीन मीटरवर एफ १.८ लाच जवळपास ८० सेंटिमीटर खोली मिळत असते.

रॉबर्ट गिलची १८४४ मध्ये या दरीतल्या चित्रांच्या नकला करायला नेमणूक झाली. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्याआधीच त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात त्याने काढलेले ७४ फोटो छापले गेले. त्या काळी चौकट बदलायची तर अख्खा कॅमेरा तिपाईसकट उचलून दुसरीकडे न्यावा लागे. मला त्या शिस्तीबद्दल मनापासून आदर वाटतो.

लेन्स बदलताना क्षण निसटतो, सेन्सरवर धूळ बसते, असंही म्हणतात. धावत्या वाघासमोर हे अगदी खरं आहे. लेण्यात क्षण निसटत नाही, आणि लेन्स दारातच ठरवून आत गेलं की बदलावीही लागत नाही. लोकांना न कळता त्यांचे चेहरे लांबून टिपता येतात हाही झूमचा गुण सांगितला जातो. अजिंठ्याला जगभरातून बौद्ध भाविक येतात, काही जण डोळे मिटून बसतात. त्यांचा फोटो हवा असेल तर दोन-तीन मीटरवर जाऊन नजरेने विचारावं आणि नकार असेल तर कॅमेरा खाली घ्यावा. ८५ मिमी हे करायला भाग पाडते, आणि मला तो तिचा गुणच वाटतो.

तेव्हा पैसे मोजकेच असतील आणि ही वाट धरायची असेल, तर ३५ आणि ८५ एफ १.८ घ्या, एकच परवडत असेल तर ५०. ताडोब्याला जाल तेव्हा टेलिफोटो भाड्याने आणा, तिथे तिला पर्याय नाही. आणि दिवस ठरवताना बघून घ्या: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.