शून्य क्रमांकाचे दार

बदलीच्या नोकरीतल्या माणसाला पत्ता असतो, असे म्हणणे हे जरा धाडसाचेच! गेल्या अकरा वर्षांत माझे चार पत्ते झाले: शिलाँग, ग्वाल्हेर आणि दिल्लीतलेच दोन. वाचकांपैकी पुष्कळांची यादी याहून लांब असेल.

सध्या मी एका कार्यालयाच्या संगणक कक्षात कारकून आहे. काम फायलींचे, पण शेजारच्या तरुण अभियंत्यांचे बोलणे कानांवर पडते आणि विज्ञानाची जुनी पदवी मनात कोठेतरी जागी होते. पूर्वी एकच अगडबंब प्रणाली सारा कारभार पाही. आता तिच्या लहान लहान सेवा झाल्या आहेत. एक रजा पाहते, एक वेतन, एक प्रवासभत्ता. त्यांना मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एकाच यंत्रावर अशा अनेकजणी नांदतात आणि प्रत्येकीला पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, लागतो. एका दारात दोघींना उभे राहता येत नाही. शिवाय काम वाढले की एकाच सेवेच्या तीन-चार प्रती काढाव्या लागतात. मग क्रमांकांचे तंटे कोणी सोडवावेत? म्हणून सेवेला सांगून ठेवतात, ‘तुझा पोर्ट शून्य.’ शून्य म्हणजे दार नाही असे नव्हे. जे मोकळे सापडेल ते घे, असा त्याचा अर्थ.

मग तिला इतरांनी गाठावे कसे? त्यासाठी एक नोंदवही असते. नेटफ्लिक्सने २०१२ साली सर्वांना खुली केलेली युरेका ही त्यांपैकी एक. सेवा उठते, तिला दार मिळते, आणि त्यानंतरच ती युरेकाकडे नाव, यंत्र व क्रमांक लिहून येते. आपला रुजू अहवालच तो! ज्याचे तिच्याशी काम असेल त्याने क्रमांक पाठ करू नये. नाव सांगावे, दार युरेका दाखवील. युरेकाने मात्र भटकून चालत नाही. तिचा क्रमांक प्रथेने ८७६१, आणि तो साऱ्यांना ठाऊक. एक गंमत मात्र आहे. नोंदीची ओळख सामान्यतः यंत्र, सेवा आणि पोर्ट यांची मिळून होते. सगळ्यांनीच शून्य लिहिले, तर एकाच यंत्रावरच्या दोन जुळ्या बहिणी एकाच ओळीवर येतात आणि धाकटी थोरलीला पुसून टाकते. म्हणून प्रत्येकीला एखादी निराळी खूण जोडावी लागते. आमच्या मंडळाच्या वहीत एकाच वसाहतीतले तीन कुलकर्णी आहेत. मला हे नव्याने शिकावे लागले नाही.

नोंद केली म्हणजे झाले असेही नाही. दर ३० सेकंदांनी ‘मी आहे’ असे कळवावे लागते. ९० सेकंद मौन पाळणाऱ्याचे नाव काढले जाते. पण अपेक्षित निरोपांपैकी ८५ टक्क्यांहून कमी येऊ लागले, की युरेका कोणाचेच नाव काढीत नाही. इतकेजण एकदम गेले असतील यापेक्षा मधली तार तुटली असेल, असे ती धरून चालते.

आमच्या मंडळाची वही माझ्याकडे असते. २०२१ च्या अखेरीस वर्गणीची पत्रे धाडली. निम्म्याहून अधिकांचे उत्तर नाही. चिटणीस म्हणाले, ही नावे कमी करा. मी युरेकाचा कायदा सांगितला. ते हसले. “अहो, यंत्राला टपालहशील पडत नाही!” मुद्दा खोटा नव्हता. शिवाय या औदार्यात, जी सेवा खरोखरच गेली तिच्या बंद दारावरही लोक थापा मारीत राहतात.

नावे राहिली. पुढल्या वर्षी जबलपूरहून, चेन्नईहून उत्तरे आली; पाकिटे पत्ते बदलत बदलत पोहोचली होती. एका वयोवृद्ध सभासदांचा दिवाळी अंक मात्र रामकृष्णपुरमला जात राहिला, आणि परतही आला नाही. यंदा त्यांच्या सूनबाईंचे पत्र आले. सासरे एप्रिल २०२१ मध्ये गेले. अंक दर वर्षी मिळतो; सासूबाई तो वाचतात. तो मामंजींच्याच नावाने येत राहावा, अशी त्यांची इच्छा आहे.

चिटणीसांनी विचारले, “वहीत काय लिहिता?” ती ओळ मी अद्याप तशीच ठेवली आहे.