डब्यावरील अक्षरे

ज्यास इंग्रजी वाचता येते त्याच्यावर आपल्या समाजाने न विचारताच एक काम सोपवून ठेवले आहे. सरकारी नोटीस, बँकेचा कागद, औषधाची बाटली, जे कोणास उलगडत नाही ते त्याच्यापुढे येते. आणि तोही चष्मा सावरून मोठ्या ऐटीने निकाल देतो. अशाच एका निकालाची रुखरुख आम्हांस लागून राहिली आहे, ती आज वाचकांपुढे मांडतो.

सन 2018 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या जालन्यास, आझाद मैदानावर झाल्या. एरवी बियाणे आणि लोखंडी सळया यांच्या भावांवर बोलणाऱ्या या शहरास त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. बुलढाण्याच्या बाला रफीक शेख याने पुण्याच्या अभिजित कटके यास हरवून गदा मिळविली, तेव्हा आम्हीही वय विसरून ओरडलो. परंतु त्या गदेहूनही आमच्या आठवणीत ठळक राहिला तो आमच्या शेजारी बसलेला, कोठल्याशा तालमीतला एक पोरसवदा पैलवान. कुस्त्यांच्या मधल्या वेळात त्याने पिशवीतून एक भला मोठा डबा काढला आणि संकोचाने म्हणाला, “काका, एवढं वाचून सांगता का? ह्यात वाईट काही नाही ना?” शक्तिवर्धक भुकटीचा तो डबा होता. आम्ही त्यावरील बारीक अक्षरे शेवटपर्यंत वाचली. दुधातील सत्त्वे, जीवनसत्त्वे, साखर, असली निरुपद्रवी नावे होती. “काही वाईट नाही, बिनघोर घे,” असे आम्ही सांगितले. त्याने हात जोडले, डबा पिशवीत ठेवला, आणि पुढल्या कुस्तीच्या गर्दीत तो कोठे गेला ते आम्हांस कळले नाही.

रात्री घरी आल्यावर आम्हांस एकाएकी नरसिंग यादवाची आठवण झाली, आणि आपण काय करून बसलो ते उमगले.

नरसिंग हा मुंबईत वाढलेला मल्ल. 2011 पासून सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी झाला. 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने रिओच्या ऑलिंपिकमध्ये 74 किलो वजनाच्या गटात भारतासाठी जागा मिळविली. परंतु 25 जून व 5 जुलै 2016 या दोन्ही दिवशी घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथँडिनोन नावाचे निषिद्ध द्रव्य सापडले. कोणी तरी वैऱ्याने आपल्या खाण्यापिण्यात ते कालविले, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे ‘नाडा’ने, 1 ऑगस्टला ते मान्य करून त्यास निर्दोष ठरविले. यावर ‘वाडा’ या जागतिक संस्थेने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. (नाडा काय नि वाडा काय, ही इंग्रजी आद्याक्षरांची नावे ऐकून मराठी माणसास हसू यावे, पण नरसिंगाच्या बाबतीत हसण्याजोगे काही उरले नाही.) 18 ऑगस्टला, त्याची कुस्ती दुसऱ्या दिवसावर आली असता, रिओतच बसलेल्या लवादाने त्यास चार वर्षांची बंदी केली. घातपाताचा खराखुरा पुरावा पुढे आलेला नाही, आणि त्याने ते द्रव्य गोळीच्या रूपाने, एकाहून अधिक वेळा, जाणूनबुजून घेतले असण्याचाच संभव अधिक, असे लवादाचे मत पडले.

त्या दिवसांत आमच्या बैठकीत यावर कडाक्याचा वाद झाला, आणि आम्ही नरसिंगाच्या बाजूने भांडलो. आपल्या पोरास आपल्या लोकांनी निर्दोष म्हटल्यावर सातासमुद्रापलीकडच्यांनी त्यात का पडावे, हा आमचा मुद्दा. तो मुद्दा किती पोकळ होता, हे त्याच महिन्या-दोन महिन्यांतील दुसऱ्या बातमीवरून आम्हांस दिसावयास हवे होते. 2014 साली सोची येथे रशियाच्या प्रयोगशाळेत भिंतीतील भोकातून खेळाडूंच्या नमुन्यांच्या बाटल्या रात्री बाहेर काढून बदलल्या जात, असा अहवाल 18 जुलै 2016 रोजी प्रसिद्ध झाला होता. तेथेही आपल्या पोरांस आपल्याच लोकांनी निर्दोष म्हटले होते! म्हणूनच 1999 साली वाडा स्थापन झाली आणि 2004 पासून सर्व देशांस व खेळांस एकच संहिता लागू झाली. राष्ट्रीय संस्थेच्या निकालावर वर दाद मागण्याची सोय तिच्यात आहे, ती याच कारणाने. घरच्या पंचास घरच्या पैलवानाचा लोभ सुटत नाही.

या संहितेचा पाया एका कठोर वाक्यात सांगता येतो: शरीरात जे सापडेल त्याचा जाब त्या शरीराच्या धन्याने द्यावा. कोणी दिले, का दिले, ठाऊक होते की नव्हते, हे प्रश्न शिक्षा किती या विचारापुरते. दोष घडला की नाही हे केवळ नमुन्यावरून ठरते. हे निर्दय वाटते. पण “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर एकदा पुरेसे मानले, तर जाणून घेणारा प्रत्येकजण तेच उत्तर देईल, आणि दूध-बदामावर मेहनत करणारा प्रामाणिक गडी आखाड्यात फुकट मार खाईल. नियम त्या प्रामाणिक गड्यासाठी आहे, हे आम्ही आता मान्य करतो.

मग आमच्या शेजारच्या त्या पोराचे काय? येथे आमच्या जिल्ह्यातला शेतकरी आमच्याहून शहाणा आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केल्यापासून जालन्यास बियाण्याच्या पिशवीवरील छापील मजकूर वाचण्याची सवय आहे, आणि छापलेले सारेच उगवत नाही याचा अनुभवही आहे. म्हणून जाणता शेतकरी पिशवी, पावती आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपतो. डब्याचेही तसेच. छापलेल्या यादीत नसलेले द्रव्य भुकटीत मिसळलेले निघते, असे जगभर अनेकदा दिसून आले आहे. फरक एवढाच, की बियाणे उगवले नाही तर जाब बियाणेवाल्यास. डब्यात खोट निघाली तर जाब खाणाऱ्यास. “एका शिकलेल्या काकांनी वाचून सांगितले होते,” हे त्या मुलाचे म्हणणे कोणताही लवाद ऐकणार नाही.

अक्षरे वाचता येणे आणि आतील वस्तूची हमी देता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या दिवशी आम्ही विसरलो. आता कोणी असा डबा पुढे केला, तर आम्ही स्पष्ट सांगतो: “बाबा, आम्हांस फक्त वरचे वाचता येते. आत काय आहे ते ठाऊक नाही. खेळाडूंच्या नियमांची माहिती असलेल्या डॉक्टरास विचार. घ्यायचेच ठरविलेस तर डबा, पावती आणि थोडी भुकटी सांभाळून ठेव. आणि न घेता भागत असेल तर वस्तादाचा खुराक बरा.” हे ऐकून काहींची तोंडे पडतात. आमच्या विद्वत्तेविषयी त्यांचे मत त्या क्षणी खाली येते, ते येऊ द्यावे.

त्या मुलास मात्र हे सांगावयाचे राहिले. त्याचे नाव, गाव, तालीम, काहीच आम्ही विचारले नव्हते. तो डबा निर्मळच असेल, अशी आशा आम्ही करतो. पण त्याने आम्हांस आशा विचारली नव्हती.