एटीआर की एअरबस?

आपण आयटीवाले दोन वर्षांत कंपनी बदलतो, हाईक घेतो. पायलट लोकांचं तसं नाही. कंपनी बदलली की सीनियॉरिटी बहुतेक पुन्हा तळापासून. म्हणून मावसभाऊ अडलाय. २०० तास उडून सीपीएल झालं, डोक्यावर कर्ज, आणि ऑफर आलीय ती छोट्या कंपनीची: एटीआर ७२, पंख्यांचं विमान. "दादा, घेऊ की एअरबससाठी थांबू?"

मोठ्या नावाचं काय सांगावं? किंगफिशर २०१२ला बसली, जेट २०१९ला, गो फर्स्ट २०२३ला. म्हटलं, घे. घरी बसून लॉगबुकात मिनिटही वाढत नाही, व्याज मात्र वाढतं. छोट्या रूटवर लँडिंग भरपूर, एटीपीएलचे १,५०० तासही भरत जातील. फक्त बाँडवर सही करण्याआधी कागद मला दाखव. किती वर्षं, किती लाख, ते बघू.