सिक्वेन्स मोठा की कलर?

अमेरिकेत पीएचडीला आलो त्या पहिल्याच सेमिस्टरमधली गोष्ट. दर शुक्रवारी आमच्या लॅबमधली मंडळी कुणाच्या तरी घरी पोकर खेळायला जमत. मला बोलावणं आलं तेव्हा मनात म्हटलं, हे तर आपलं तीन पानीच! गोकुळाष्टमीच्या रात्री काका-मामांकडून चिल्लर जिंकल्याचा दांडगा अनुभव गाठीशी होता. वीस डॉलर खिशात घालून गेलो. तेव्हाच्या माझ्या हिशेबात वीस डॉलर म्हणजे आठवड्याची भाजी, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळाचं नाव टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं, ती आपली आपण बघायची. आणखी पाच पानं टेबलाच्या मध्ये उघडी, ती सगळ्यांची. या सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी तो जिंकला. मधली पानं एकदम उघडत नाहीत. आधी तीन (त्याला फ्लॉप म्हणतात), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). आधी नुसत्या दोन पानांवर आणि मग प्रत्येक वेळी पानं उघडली की पैसे लावायचे. समोरच्याने लावले तेवढे लावा, वाढवा, नाहीतर पानं टाका, म्हणजे आपलं पॅक. ब्लाइंड हा शब्द इथेही आहे, पण अर्थ वेगळा. पानं वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी सुरुवातीलाच सक्तीने टाकायचे पैसे म्हणजे ब्लाइंड. आपल्या बूटसारखंच, फक्त आळीपाळीने.

तासभर बरं चाललं. मग मला इस्पिकची नव्वी आणि किलवरची अठ्ठी आली. फ्लॉपवर बदामची सत्ती, बदामची दश्शी आणि चौकटची दुर्री. ओळीने चार पानं झाली की हो! टर्नला किलवरचा राजा, तो बिनकामाचा. आणि रिव्हरला गुलाम! सत्ती ते गुलाम, अख्खा सिक्वेन्स. समोर एकच पोस्टडॉक उरला होता, अगदी शांत चेहऱ्याचा. मी होते नव्हते ते सगळे डॉलर पुढे सरकवले. त्याने क्षणभरही विचार न करता तेवढेच लावले आणि पानं उघडली. बदामचा एक्का आणि बदामची चव्वी. गुलामही बदामचाच होता. म्हणजे त्याचा कलर. मी खुशीत पैसे ओढायला हात पुढे केला.

टेबलावर शांतता. "कलर मोठा असतो," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडे सिक्वेन्स मोठा असतो," मी. यावर सगळे इतके हसले की मला कान लाल झाल्याचं जाणवलं.

रात्री झोप येईना. उठून कागद-पेन्सिल घेतली. तीन पानांच्या एकूण जुळण्या २२,१००. त्यांत साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून मोठा. पाच पानांच्या जुळण्या २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. बरोब्बर उलटं! म्हणजे काकाही बरोबर आणि पोस्टडॉकही. (तीन पानीत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, तरी आपण ट्रेलला मोठं मानतो. हे मात्र कुणी मोजलेलं दिसत नाही.)

पण खरी चूक मोजण्याची नव्हतीच. टेबलावर तीन बदाम धडधडीत उघडे पडले होते आणि मला त्यांत फक्त माझा सिक्वेन्स दिसत होता. तीन पानीत दुसऱ्याचं काहीच दिसत नाही, त्यामुळे बघायची सवयच नाही. मधली पानं माझी आहेत तेवढीच समोरच्याचीही आहेत, हे कळायला मला वीस डॉलर पडले. पुढच्या शुक्रवारांना मी दहातले आठ डाव सरळ पॅक व्हायचो. कंटाळवाणं असतं, पण तेवढेच डॉलर घर सुटेपर्यंत पुरायचे.

रविवारी घरी फोन लावला. बाबांना पैसे लावून खेळलेले पत्ते मुळीच खपत नाहीत, गोकुळाष्टमीलाही ते दुसऱ्या खोलीत पेपर वाचत बसायचे. तरी सांगून टाकलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"सिक्वेन्स होता ना तुझ्याकडे? मग हरलास कसा? फसवलं त्यांनी तुला."

मी २२,१०० पासून सगळं गणित समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "या आठवड्याच्या भाजीचं काय केलंस?"