ग्रूबर: एका आडनांवाची कुळकथा

आमचा एक पुतण्या आडनांव बदलूं इच्छितो. तें आडनांव अर्थात् आमचेंही असल्यामुळें हा विचार ऐकून आम्हांस जरा झोंबलें, हें कबूल केलें पाहिजे. त्या नांवावरील कोट्या शाळेपासून कचेरीपर्यंत आम्हींही सोसल्या आहेत. पण आम्ही त्यांस सरावलों, तो सरावला नाहीं. "काका, हें नांव आपण कोणी निवडलेलें नाहीं, मग त्याचा एवढा लोभ कशाला?" असें त्यानें विचारलें. आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

स्वतःचें घर नीट पाहावयाचें तर कधीं कधीं परक्याच्या अंगणांत जाऊन उभें राहावें लागतें. त्या दिवसांत आम्ही ऑस्ट्रियांतील एका आडनांवाचा मागोवा घेत बसलों होतों. तें आडनांव म्हणजे 'ग्रूबर'. त्या देशांत याहून अधिक लोकांचें आडनांव दुसरें नाहीं. 'ग्रूबे' म्हणजे खड्डा, खळगा. डोंगरउतारावर खोलगट जागीं ज्याचें घर तो ग्रूबर. टेकाडावरचा तो पिख्लर. खडकाजवळचा तो श्टाइनर. दलदलीकांठचा तो मोझर. शेवटचा 'अर' हा प्रत्यय आमच्या 'कर'चेंच काम करतो. फरक इतकाच कीं, आमचा 'कर' बहुधा अख्खें गांव पाठीशीं घेऊन येतो, तर तिकडील शेतकऱ्यास घराखालचा खळगाच पुरेसा वाटला. खळगे पुष्कळ, म्हणून ग्रूबरही पुष्कळ. दोन ग्रूबर एका रक्ताचे असतीलच असें नाहीं.

स्टायरिया व कॅरिंथिया या प्रांतांत तर मनुष्याच्या नांवापेक्षां शेतवाडीचें नांव अधिक चिवट ठरलें. धनी बदलला, जांवई येऊन नांदूं लागला, तरी शेजारी त्यास वाडीच्याच नांवानें हांक मारीत, आणि कागदावर खऱ्या आडनांवापुढें 'वुल्गो', म्हणजे लोकांत रूढ असलेलें, असें म्हणून तें दुसरें नांव लिहीत. हा सैलपणा राज्यकर्त्यांस मानवण्यासारखा नव्हता. १७७० सालीं सैन्यभरतीच्या सोयीसाठीं घरांस क्रमांक देण्याचा हुकूम सुटला. १७८४ सालीं दुसऱ्या जोसेफनें पाद्र्यांच्या जन्ममृत्यूच्या वह्यांस सरकारी दप्तराचें स्वरूप दिलें, आणि १७८७ सालीं ज्यू प्रजेनें कायमचें जर्मन आडनांव घेतलेंच पाहिजे, असें फर्मान काढलें. हांक मारण्यासाठीं जन्मलेलें नांव अशा रीतीनें नोंदीचें झालें.

त्याच १७८७ सालीं एका कोष्ट्याच्या घरीं फ्रान्त्स क्साव्हर ग्रूबर जन्मला. पुढें तो आर्न्सडॉर्फ येथें शाळामास्तर झाला व शेजारच्या ओबर्नडॉर्फच्या देवळांत ऑर्गनही वाजवूं लागला. १८१८ च्या नाताळांत तेथील तरुण पाद्री योसेफ मोर यानें आपलें एक गीत त्याच्यापुढें ठेवलें. ग्रूबरनें चाल दिली आणि दोघांनीं तें त्याच रात्रीं गाइलें. तें गीत 'श्टिले नाख्ट'. आज वसईच्या व गोव्याच्या देवळांतही त्याचे सूर ऐकूं येतात. परंतु गीत जगभर गेलें तें कर्त्यांचीं नांवें मागें ठेवून. चाल थोर संगीतकार मिखाएल हायडन याची असावी, असा तर्क निघाला व बर्लिनहून विचारणा झाली. तेव्हां १८५४ सालीं वृद्ध ग्रूबरला खरी हकीकत लेखी द्यावी लागली. आणि मोर? तो विवाहबाह्य संततीपैकीं. सैन्यांतून पळालेल्या ज्या बापानें त्यास टाकलें, त्याचेंच नांव तो जन्मभर वागवीत राहिला.

आतां दुसरा ग्रूबर. १८३७ सालीं वाल्डफिएर्टेल या दरिद्री मुलुखांतील श्ट्रोनेस गांवीं मारिया आन्ना शिक्लग्रूबर या अविवाहित स्त्रीस मुलगा झाला. ड्योलर्सहाइमच्या पाद्र्यानें वहींत आलोइस शिक्लग्रूबर असें नांव लिहिलें व बापाचा रकाना रिकामा ठेवला. पांच वर्षांनीं तिनें योहान गेओर्ग हिडलर याच्याशीं लग्न केलें. तोही १८५७ सालीं मेला. १८७६ सालीं, कस्टम खात्यांत मोठ्या हुद्द्यास चढलेल्या आलोइसच्या बाबतींत तीन साक्षीदारांनीं शपथेवर सांगितलें कीं, मयत हिडलर हाच त्याचा बाप. पाद्र्यानें तो रकाना भरला. हिडलर, ह्युटलर असें हवें तसें लिहिलें जाणारें तें नांव या वेळीं कागदावर 'हिटलर' असें उमटलें. तेरा वर्षांनीं आलोइसला आडोल्फ हा मुलगा झाला.

बापाच्या नांवाचा रकाना असा मागाहून भरला गेला असतां, मुलाच्या राजवटीनें १९३८ सालीं हुकूम काढला कीं, प्रत्येक ज्यू पुरुषानें आपल्या नांवाला 'इस्राएल' व स्त्रीनें 'सारा' हें नांव जोडावें. ज्यांचीं नांवें आधींच ज्यू म्हणून ओळखतां येत, तेवढेच यांतून सुटले. त्याच वर्षीं ड्योलर्सहाइमच्या परिसरांत लष्करी सरावाचें मैदान करण्याचें ठरलें. माणसें हलविलीं गेलीं, गांवें ओस पडलीं. जेथें तो रकाना भरला गेला, तेथें आज देवळाच्या व घरांच्या भिंतींचे अवशेष उरले आहेत.

खळगा दोहोंकडे एकच. एका ग्रूबरच्या हातून शांतीचें गाणें निघालें, म्हणून त्या नांवास पुण्य लागलें नाहीं. आणि शिक्लग्रूबर हें नांव टाकलें तरी त्या घराण्याचें पुढचें पाप टळलें नाहीं. मग आम्हांस झोंबलें तें काय? विचाराअंतीं असें दिसलें कीं, आम्हीं नांवाचा नव्हे, तर ज्यांनीं त्या नांवानें आम्हांस हांक मारली त्यांचा लोभ धरला होता. तीं माणसें आतां नाहींत. आणि पुतण्यानें त्यांस पाहिलेंही नाहीं.

दोन्ही हकीकती सांगून आम्ही त्यास म्हणालों, "बाळ, नांव बदल, आमची हरकत नाहीं. पण कुळवृत्तांतांत जुनें नांव खोडूं नकोस. जुन्यापुढें नवें लिही, म्हणजे कोणी शोधीत आला तर त्यास वाट सांपडेल."

तो अजून विचार करीत आहे. आम्हींही मग प्रथमच नकाशा काढून, ज्या गांवाचें नांव आम्ही जन्मभर लावीत आलों तें कोठें आहे, हें पाहिलें.