एकरंगी घर

२०१९ साली लोणावळ्यातील आमचे घर आम्ही आतून एकाच रंगाचे करून घेतले. निळे स्वयंपाकघर, पोपटी माजघर, बाहेरच्या खोलीच्या पिवळट भिंती ही भाऊगर्दी मला अनेक वर्षे खुपत होती. राखाडीकडे झुकणारी एक पांढरी छटा निवडली. पडदे आणि पुस्तकांची कपाटेही तिच्याच कुळातली घेतली. काव्यात एक रस अंगी असावा आणि इतरांनी त्याला पोषक व्हावे, असे वर्गात शिकविणाऱ्या माणसाला ही योजना पटायला वेळ लागला नाही.

काम संपले तेव्हा घर खरोखर मोठे वाटू लागले. भिंत कोठे संपते आणि छत कोठे सुरू होते, याकडे लक्ष जाईनासे झाले. रंगांचे काम आता प्रकाश करू लागला. सकाळी जी भिंत निळसर दिसे, तीच आषाढात ढग खिडकीशी उतरले की राखेसारखी होई. एकरंगी म्हणजे एकसुरी नव्हे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हौसेने सांगत असे.

दसऱ्याला आई हळदीकुंकवाची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. त्या दाराशेजारच्या भिंतीवर ती प्रत्येक सणाला ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटे ओढत असे. वर्षानुवर्षे ओढलेल्या बोटांचा तिथे एक तांबूस थर झाला होता. रंगाऱ्याने तो पत्र्याने खरवडला, लांबी भरली आणि वर रंगाचे दोन हात दिले. मी ते उभा राहून पाहिले होते. आईने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “इथं लावलं तर चालेल ना रे?” ज्या घरात ती पन्नास वर्षे नांदली, त्या घरात ती परवानगी मागत होती. मी ‘हो’ म्हणालो, पण त्याआधी क्षणभर थांबलो. ते थांबणे तिला कळले. ती कोठीच्या खोलीत गेली आणि दारामागे, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, तिने पाच बोटे ओढली.

त्याच हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन बेडशाची लेणी पाहायला गेलो. कामशेतहून पवनानगरच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत ही लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले तिथले चैत्यगृह एकाच खडकातून कोरलेले; खांब, स्तूप, भिंती साऱ्यांचा रंग एक. “किती शांत वाटतं,” एक विद्यार्थिनी म्हणाली. तेव्हा मी त्यांना सांगू लागलो, की लेण्याचा हा एकरंगीपणा मूळचा नाही. येथे चित्रे होती आणि त्यांच्या खुणा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होत्या. पुढे साहेबलोकांच्या भेटीसाठी जागा नीटनेटकी दिसावी म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी आतून सफेदी करविली आणि त्यात त्या खुणा गेल्या. सांगता सांगता मी अडखळलो. त्या अधिकाऱ्यांना काही नष्ट करायचे नव्हते. त्यांना फक्त जागा स्वच्छ करायची होती.

मावळातली जुनी मातीची घरेही एका अर्थी एकरंगीच होती. जमीन आणि भिंती, सारे शेणामातीने सारवलेले. पण तो रंग घरातल्या बाईच्या हातून पुन्हा पुन्हा नवा होई आणि सारवणाच्या अर्धवर्तुळांत तिची बोटे उमटलेली राहत. आमच्या रंगाचे मोठेपण डब्यावरच छापलेले होते : डाग पुसता येतात. रंग एक की अनेक, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. त्या रंगात माणसाची खूण मुरते की पुसली जाते, एवढेच पाहावेसे वाटते.

गेल्या पाडव्याला मीच वाटी घेऊन आईला त्या भिंतीपाशी नेले. “राहू दे रे, भिंत खराब होईल,” ती म्हणाली. हे वाक्य तिचे नव्हते. रंगकाम चालू असताना ते मीच घरात सर्वांना ऐकवीत होतो.

कोठीच्या दारामागे मात्र तांबूस थर पुन्हा जमू लागला आहे.